ब्लॅकपूलचा लांबत गेलेला हंगाम

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ब्लॅकपूल शहरात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खोल्या भाड्याने देणाऱ्या बायकांचं वर्ष फार तर चौदा आठवड्यांचं असे. जूनमध्ये पाहुणे येऊ लागत आणि सप्टेंबरच्या मध्याला शेवटचं कुटुंब पेट्या उचलून स्टेशनकडे निघे. मधल्या काळात जे हाती पडेल त्यातून पुढच्या जूनपर्यंत घरभाडं, कोळसा, चादरी, रंगकाम आणि पोराबाळांचं पोट भागवायचं. गिऱ्हाईक बहुतेक कापडगिरणीतलं, हात राखून खर्च करणारं. पाहुणा फक्त खोलीचे पैसे देई. मटण, बटाटे, अंडी तो स्वतः बाजारातून आणून मालकिणीच्या हवाली करी आणि ती ज्याचं त्याला वेगळं शिजवून वाढी. एका चुलीवर पाच-सहा कुटुंबांची निरनिराळी जेवणं एकाच वेळी तयार व्हायची. गरम पाण्याला वेगळे पैसे, टेबलावर मीठ-मिरीचं भांडं ठेवायलाही वेगळे पैसे. ब्लॅकपूलच्या मालकिणीच्या या चिकटपणावर इंग्लंडमधल्या नकलाकारांनी पुढे कित्येक वर्षं हशा पिकवला. पण चौदा आठवड्यांच्या कमाईवर बावन्न आठवडे काढणाऱ्या बाईला मिठाचेही पैसे मोजावेच लागतात. ती चिकट नव्हती, ती हिशेबी होती.

जगभरच्या मनोरंजन उद्यानांना आज हाच हिशेब छळतो. जमिनीसाठी आणि पाळण्यांसाठी काढलेलं कर्ज बाराही महिने व्याज मागतं, गर्दी मात्र चार-पाच महिन्यांचीच. मग उद्यानाशेजारी हॉटेलं बांधायची, छताखालचे खेळ आणायचे, थंडीत रोषणाई करायची, संमेलनांना जागा द्यायची. ब्लॅकपूलने यातली जवळजवळ प्रत्येक वाट फार आधी चालून पाहिली, आणि ती एकट्या उद्यानाने नव्हे तर अख्ख्या शहराने. म्हणून हा इतिहास एखाद्या कंपनीच्या यशापयशापेक्षा मोठा आहे.

रेल्वे ब्लॅकपूलला १८४६ मध्ये पोचली. १८५१ च्या जनगणनेत इथली वस्ती अडीच हजारांच्या आसपास होती, १९०१ मध्ये ती सत्तेचाळीस हजारांवर गेली. ही वाढ लँकशायरच्या गिरण्यांनी घडवली. तिथल्या प्रत्येक गिरणी-गावाचा उन्हाळ्यात एक ठरलेला सुट्टीचा आठवडा असे, त्याला ‘वेक्स वीक’ म्हणत. मुळात हा गावच्या चर्चचा उत्सव, आपल्याकडच्या ग्रामदेवतेच्या जत्रेसारखा. कारखानदारीच्या काळात तो गिरणी बंद ठेवायचा आठवडा झाला. मालक त्यात बॉयलर उघडून साफ करून घेत आणि कामगार बिनपगारी मोकळे होत. पगार नसल्याने वर्षभर आठवड्याला थोडे पेन्स भिशीत टाकून सुट्टीची सोय करायची रीत पडली. ब्लॅकपूलचं नशीब असं, की सगळ्या गावांचा आठवडा एक नव्हता. ब्लॅकबर्न आणि बर्नलीची सुट्टी जुलैमध्ये यायची, ओल्डहॅमची ऑगस्टच्या अखेरीस. एक गाव रिकामं होऊन परत जाई तोवर दुसरं येऊन उतरे. आजचे उद्यानवाले ऑफ-सीझन सवलती देऊन गर्दी पसरवू पाहतात, ते काम इथे गिरण्यांच्या पंचांगाने आपोआप केलं.

या गिरण्यांशी महाराष्ट्राचा धागा थेट जुळलेला होता. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात लँकशायरला अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा मुंबई बंदरातून हिंदुस्थानी कापसाच्या गासड्या भरभरून गेल्या. त्या पैशाने मुंबईत सट्टा चढला आणि १८६५ मध्ये कोसळला. तिकडे आखूड धाग्याच्या या कापसाला कातणारे वैतागले, गिरण्या ठप्प झाल्या, हजारो कामगार धर्मादाय सूपावर जगले. ब्लॅकपूलचं भरभराटीचं युग सुरू झालं ते हा कापसाचा दुष्काळ सरल्यावर.

हंगाम लांबवण्याचा पहिला मोठा प्रयत्न १८७८ चा. त्या वर्षी ‘विंटर गार्डन्स’ उघडलं. काचेच्या छताखाली फिरायला जागा, झाडं, संगीत, पाऊस पडो वा वारा सुटो, पैसे देणाऱ्याला आत बसता यावं ही कल्पना. आयरिश समुद्रावरून येणारा वारा ज्याने अनुभवला असेल त्याला छताचं मोल सांगावं लागत नाही. पण खरी दूरदृष्टी दिसली ती त्यापुढच्या वर्षी, आणि ती नगरपालिकेची होती.

१८७९ मध्ये ब्लॅकपूलने पार्लमेंटकडून एक वेगळाच हक्क मिळवला. घरपट्टीत पौंडामागे दोन पेन्सपर्यंत जादा आकारून तो पैसा बँडवर आणि शहराच्या जाहिरातीवर खर्च करण्याची मुभा. ब्रिटनमधल्या दुसऱ्या कुठल्याही किनारी विहारस्थळाला पुढची कित्येक वर्षं अशी परवानगी मिळाली नाही. गिरणी-गावांतल्या रेल्वे स्टेशनांवर ब्लॅकपूलची रंगीत पोस्टरं लागली ती या पैशातून. हॉटेलवाला, खाटीक, खोल्या भाड्याने देणारी बाई, सगळ्यांनी मिळून गिऱ्हाईक आणायचं आणि सगळ्यांनी ते वाटून घ्यायचं, असा हा व्यवहार. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, म्हणजे हंगाम उतरणीला लागल्यावर, समुद्राकाठच्या रस्त्यावर आठ विजेचे आर्क दिवे उंच खांबांवर पेटवले गेले. एडिसनच्या दिव्याला अजून पेटंट मिळायचं होतं. दिवे पाहायला लोटलेल्या माणसांचा त्या वेळचा अंदाज सत्तर हजार ते एक लाखापर्यंत जातो. दिव्यासाठी लोक प्रवास करतात, आणि दिवा जितका अंधारात तितका उठून दिसतो, हे शहराने तेव्हाच हेरलं. उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये रात्री साडेनवापर्यंत उजेड असतो, रोषणाईला खरा काळ शरदातला.

१८८५ मध्ये ब्रिटनमधली पहिली विजेवर चालणारी रस्त्यावरची ट्राम इथे धावू लागली. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनातला आयफेल टॉवर पाहून आलेले जॉन बिकरस्टाफ पुढे महापौर झाले आणि त्यांच्या आग्रहाने १४ मे १८९४ रोजी ५१८ फूट उंचीचा ब्लॅकपूल टॉवर खुला झाला. टॉवरचा माथा पाहुण्यांना दुरून दिसे, पण पैसा पायथ्याशी मिळे. चार पायांच्या मधोमध सर्कस, शेजारी मत्स्यालय, वर नाचघर. सगळं छताखाली. नाचघराचं आजचं देखणं रूप फ्रँक मॅचम या नाट्यगृहांच्या वास्तुविशारदाने १८९९ मध्ये दिलं. आकाशात चढणारा टॉवर बांधणाऱ्यांनी पावसाळी दुपारची एवढी तजवीज केली होती, हे मला त्या इमारतीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं.

दक्षिणेकडची वाळू मात्र अजून मोकळी होती. तिथे रोमा लोकांच्या राहुट्या, भविष्य सांगणाऱ्या बायका, एखाददुसरा पाळणा. विल्यम जॉर्ज बीन हा गृहस्थ अमेरिकेतून तिथल्या करमणूक बागांचा अनुभव घेऊन परतला आणि १८९६ मध्ये त्याने या वाळूवर आपला धंदा सुरू केला. भागीदार जॉन औटवेटसह त्याने १९०३ मध्ये तिथली जागा घेतली. १९०४ मध्ये मॅक्सिम तोफेचे जनक सर हायरम मॅक्सिम यांनी उभारलेलं फिरतं ‘फ्लाइंग मशीन’ आलं. उंच खांबावरून लोंबणाऱ्या नौका वेगाने फिरू लागल्या की बाहेर झुकतात. ते यंत्र आजही त्याच जागी फिरतं. पुढच्या वर्षी ‘रिव्हर केव्ह्‌ज’ आलं, म्हणजे होडीत बसून अंधाऱ्या गुहांतून सफर. बागेला ‘प्लेझर बीच’ हे नाव याच सुमाराचं. १९२३ चा ‘बिग डिपर’ आणि १९३५ चा दोन गाड्यांची शर्यत लावणारा ‘ग्रँड नॅशनल’ हे लाकडी रोलरकोस्टर अजून उभे आहेत. बीन १९२९ मध्ये वारला, पुढे त्याचे जावई लेनर्ड थॉम्पसन यांनी कारभार घेतला आणि बाग आजही त्याच कुटुंबाकडे आहे.

लाकडी रोलरकोस्टर जवळून पाहिला की बाग बारा महिने का चालत नाही ते कळतं. समुद्राचा खारा वारा खिळे, बोल्ट, रूळ सगळं खातो. हंगाम संपला की डबे रुळांवरून उतरवून सुटे करतात. चाकं, आस, जोडण्या एकेक करून धुतात, त्यांत डोळ्याला न दिसणारा तडा आहे का ते तपासतात. रुळाखालच्या लाकडी पट्ट्या कुजलेल्या तिथे बदलतात. हे काम उन्हाळ्यात होत नाही, कारण उन्हाळ्यात गाडी सकाळपासून रात्रीपर्यंत धावते. तेव्हा हिवाळ्यात बाग बंद असते म्हणजे ती झोपलेली असते, असं नव्हे. ज्या व्यवस्थापकाला बाराही महिने दार उघडं ठेवायचं असेल त्याने आधी हे काम कधी आणि कोणाच्या हातून होणार ते सांगायला हवं. प्लेझर बीचने म्हणूनच १९३७ मध्ये वेगळा मार्ग धरला. जोसेफ एम्बर्टन या वास्तुविशारदाकडून बर्फाचं कायमचं रिंगण असलेली इमारत बांधून घेतली. बाहेर वारा असो की पाऊस, आत स्केटिंगचे खेळ चालू. ते रिंगण आजही वापरात आहे.

पण हंगाम खरोखर लांबवला तो रोषणाईने. मे १९१२ मध्ये राजकन्या लुईझ यांच्या हस्ते समुद्राकाठच्या नव्या रस्त्याचं उद्घाटन झालं आणि त्यासाठी सुमारे दहा हजार दिव्यांच्या माळा लावल्या. त्या इतक्या गाजल्या, की व्यापाऱ्यांनी सप्टेंबरमध्ये पुन्हा लावायचा आग्रह धरला. पहिल्या महायुद्धात हे थांबलं, १९२५ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि १९३० च्या दशकात किनाऱ्याच्या मैलोन्‌मैल रस्त्यावर हलत्या चित्रांचे मोठे देखावे उभे राहू लागले. वसंताच्या बाजूनेही हंगाम ओढायचा प्रयत्न झाला. १९२० च्या ईस्टरमध्ये विंटर गार्डन्सच्या एम्प्रेस बॉलरूममध्ये नृत्यमहोत्सव भरला, तो पुढे बॉलरूम नृत्याच्या जगातला सगळ्यात मानाचा महोत्सव झाला. १९३० च्या दशकात वर्षाला सत्तर लाख लोक ब्लॅकपूलला येत असा अंदाज आहे. १९३७ मध्ये ‘मास ऑब्झर्व्हेशन’ ही संस्था बोल्टनच्या गिरणी कामगारांचं जगणं नोंदवत होती. तिचे निरीक्षक त्यांच्या पाठोपाठ सुट्टीलाही इथे आले आणि लोक काय खातात, कुठे बसतात, किती वेळ समुद्राकडे पाहतात, हे वह्यांत टिपत राहिले. हंफ्री स्पेंडर यांनी काढलेल्या छायाचित्रांत ती गर्दी आजही भेटते. टोप्या, कोट, आणि पावसात आसरा घेऊन बसलेली म्हातारी जोडपी.

३१ ऑगस्ट १९३९ च्या रात्री त्या वर्षीच्या रोषणाईची रंगीत तालीम झाली. दुसऱ्या दिवशी देशभर अंधारबंदी लागू झाली.

यानंतर जे घडलं ते या कहाणीतलं सगळ्यात विलक्षण वळण. ब्लॅकपूल बंद पडलं नाही, उलट पहिल्यांदा बाराही महिने भरलं. हवाई दलाने इथे आपलं मोठं प्राथमिक प्रशिक्षण केंद्र केलं. युद्धकाळात साडेसात लाखांहून जास्त जवानांनी इथल्या रस्त्यांवर कवायत केली आणि ते राहिले त्या खोल्या भाड्याने देणाऱ्या बायकांच्याच घरांत. पोलंडच्या हवाई दलाचं ठाणंही इथेच होतं. लंडनवर बॉम्ब पडतील या भीतीने सरकारी खात्यांतले हजारो कारकून इथे हलवले गेले. शहराच्या दक्षिणेला स्क्वायर्स गेट इथे वेलिंग्टन बॉम्बर विमानं बनू लागली. सरकार माणशी ठरावीक दर देई. तो उन्हाळी दराहून कमी होता, तक्रारी भरपूर होत्या, चादरी झिजत होत्या, पण पैसा दर आठवड्याला येत होता, फेब्रुवारीतसुद्धा. नाचघरं, सर्कस, सिनेमे संध्याकाळी भरलेले. ज्या बारमाही धंद्यासाठी शहराने साठ वर्षं दिवे, छतं आणि बर्फ यांवर पैसा ओतला होता, तो सरकारच्या एका निर्णयाने मिळाला. याचं कारण साधं होतं. कामासाठी आलेला माणूस हवामान पाहून परत जात नाही.

युद्धानंतर इंधनटंचाईमुळे रोषणाई १९४९ पर्यंत लांबली. त्या वर्षी अभिनेत्री अॅना नीगल यांनी कळ दाबली आणि दरवर्षी कोणी प्रसिद्ध पाहुणा दिवे पेटवणार ही प्रथा जोर धरू लागली. १९५५ मध्ये सोव्हिएत राजदूत याकोव्ह मलिक आले, तेही शीतयुद्ध चालू असताना. १९७७ मध्ये हा मान ‘रेड रम’ या शर्यतीच्या घोड्याला मिळाला. दक्षिणेच्या स्टार गेटपासून उत्तरेच्या बिस्पमपर्यंत सुमारे दहा किलोमीटर दिवे. ते पाहायला तिकीट नाही. खर्च नगरपालिकेचा, व्यापाऱ्यांच्या वर्गणीचा, आणि रांगेच्या टोकाला मोटारींतून जमा होणाऱ्या सुट्ट्या पैशांचा. इंग्लंडमध्ये इतकी मोठी करमणूक इतकी वर्षं फुकट चालली आहे, याचा ब्लॅकपूलला वाटणारा अभिमान रास्त आहे.

शरदात शहराला दुसरा आधार संमेलनांचा. काँझर्व्हेटिव्ह आणि लेबर या दोन्ही पक्षांची वार्षिक अधिवेशनं अनेक वर्षं विंटर गार्डन्समध्ये भरली. पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन पायउतार होणार ही बातमी १९६३ मध्ये काँझर्व्हेटिव्ह अधिवेशनात याच शहरात फुटली. हजारो प्रतिनिधी, पत्रकार, पोलीस ऑक्टोबरच्या थंडीत आठवडाभर खोल्या भरून टाकत. पण पुढाऱ्यांना पुढे मोठ्या शहरांतली नवी सभागृहं आणि बड्या कंपन्यांची हॉटेलं हवीशी वाटू लागली. लेबरचं इथलं शेवटचं अधिवेशन २००२ मध्ये झालं, काँझर्व्हेटिव्हचं २००७ मध्ये.

त्याआधीच मुळावर घाव पडला होता. गिरण्या एकामागून एक बंद झाल्या आणि त्यांच्याबरोबर वेक्स वीकही गेला. उरलेल्यांना स्पेनची स्वस्त विमानसहल परवडू लागली, तिथे उन्हाची हमी होती. ब्लॅकपूलने छत वाढवून उत्तर दिलं. १९२३ चा उघडा तरणतलाव पाडून त्या जागी १९८६ मध्ये ‘सँडकॅसल’ हे बंदिस्त, उबदार जलविहार केंद्र उघडलं. प्लेझर बीचने उंची वाढवली. १९९४ चा ‘बिग वन’ उघडला तेव्हा जगातला सगळ्यात उंच रोलरकोस्टर होता. अगदी समुद्राला लागून असल्याने जोराचा वारा सुटला की तो बंद ठेवावा लागतो. २००० मध्ये ‘व्हॅल्हाला’ ही बंदिस्त सफर आली. २००३ मध्ये बागेने स्वतःचं ‘बिग ब्लू’ हॉटेल उघडलं, २०१९ मध्ये ‘बुलेव्हार्ड’ हे दुसरं. याच काळात पूर्वापार फुकट असलेला बागेतला प्रवेश सशुल्क झाला. पूर्वी कोणीही आत येऊन पाळण्यागणिक पैसे देई, आजी बाकावर बसून नातवंडांना पाहत बसे. आता दाराशीच पूर्ण दिवसाचं तिकीट.

धंद्याच्या दृष्टीने हा बदल समजण्यासारखा आहे. मुक्कामी पाहुणा दोन दिवस राहतो, सकाळ-संध्याकाळ आत जेवतो, पाऊस पडला तरी त्याचे पैसे आधीच जमा झालेले असतात. पण बागेच्या हॉटेलात उतरलेलं कुटुंब शहराच्या मधल्या गल्लीतल्या बाईकडे उतरत नाही. तिच्या रिकाम्या इमारतींचं काय झालं ते आकड्यांत दिसतं. त्या लहान-लहान खोल्यांत विभागून गरीब, आजारी, बेकार माणसांना बारमाही भाड्याने दिल्या गेल्या आणि भाडं सरकारी घरभत्त्यातून येऊ लागलं. २०१९ च्या सरकारी मोजणीत इंग्लंडमधल्या सगळ्यात वंचित दहा वस्त्यांपैकी आठ ब्लॅकपूलमध्ये निघाल्या. पुरुषांचं आयुर्मानही इंग्लंडमध्ये सगळ्यात कमी इथेच आहे. २००७ मध्ये प्रचंड कॅसिनोचा परवाना मिळेल या आशेवर शहर होतं, शिफारस मँचेस्टरची झाली आणि पुढे ती योजनाच सरकारने गुंडाळली. जुगारावर शहर उभं करायचा तो बेत फसला याचं मला दुःख वाटत नाही. पण त्या बेताची शहराला गरज पडावी, इतकी पाळी आली होती याचं वाटतं.

२०१० मध्ये नगरपालिकेने टॉवर आणि विंटर गार्डन्स विकत घेतले. १८७९ च्या दोन पेन्सांमागे जो विचार होता त्याच्याशी जुळणारं हे पाऊल. खाजगी मालक डागडुजी टाळत असतील तर शहराचं काळीज शहराने हातात घ्यायचं. २०२० मध्ये कोविडने उन्हाळा बुडवला, तेव्हा नोव्हेंबरच्या सुरुवातीला मावळणारी रोषणाई जानेवारीपर्यंत पेटती ठेवली. ती सोय पुढेही चालू राहिली. २०२२ मध्ये विंटर गार्डन्सला जोडून नवं संमेलन केंद्र उघडलं, गमावलेली अधिवेशनं परत आणण्याच्या उमेदीने. आणि नगरपालिकेने आणखी एक योजना आखली, तिच्यात पाळणा नाही, दिवा नाही. शहराच्या मध्यभागी सरकारी खात्याची नवी कचेरी आणि तिथे सुमारे तीन हजार कर्मचारी. मंगळवारी सकाळी नऊला कामावर हजर होणारी, दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात जेवणारी आणि फेब्रुवारीतही पगार घेणारी अशी ही माणसं. त्यांच्या जेवणावर कोणती दुकानं तगतील आणि मागच्या गल्ल्यांतल्या किती खोल्यांना पुन्हा धड भाडेकरू मिळतील, याकडे तिथले छोटे हॉटेलवाले डोळे लावून होते.